फॅरोच्या थडग्यात साठ मिनिटे

समजा दिवाळीच्या सुटीत तुम्ही चौघे मित्रमैत्रिणी जवळा बाजारहून पुण्याला गेला आहात. तुमच्यापैकी एकाचे मामा तेथे राहतात. सोयाबीनची रास घरात आली आहे, हळदीची काढणी अजून लांब आहे, म्हणून घरच्यांनीही आनंदाने परवानगी दिली आहे. दुसऱ्याच दिवशी मामा तुम्हाला म्हणतात, "चला, आज तुम्हाला इजिप्तला नेतो!"

मामांचे हे इजिप्त एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असते. दारात उभा असलेला दादा तुम्हाला समजावून सांगतो, "आत फॅरोचे थडगे आहे. फॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा. साठ मिनिटांत चार कोडी सोडवायची. शेवटचे कोडे सुटले की पलीकडचे दार उघडेल. काही त्रास वाटला तर हे मागचे दार केव्हाही ढकला, ते उघडेच आहे. जोर मात्र कशावरही लावू नका. येथे ताकदीचे काम नाही, डोक्याचे आहे."

अशा कोड्यांच्या खोल्या आता जगभर आहेत. तिकीट काढून खोलीत जायचे आणि ठरलेल्या वेळात कोडी सोडवून बाहेर पडायचे, हा खेळ जपानमधील क्योटो शहरात ताकाओ काटो यांनी २००७ साली सुरू केला, असे मानतात. मुंबई-पुण्यातही तो आता रुळला आहे. तुम्ही ज्या खोलीत शिरणार आहात ती मात्र मी या लेखापुरती रचली आहे. तिच्यातील युक्त्या मात्र खऱ्या आहेत. तेव्हा घड्याळ लावा आणि चला आत!

पहिले कोडे : भिंतीवरचा आकडा

आत पिवळसर अंधुक उजेड आहे. चारही भिंतींवर चित्रे आहेत : पक्षी, सिंह, हात, डोळे, दोरखंड. तुमच्यातील एक मैत्रीण फारशी बोलणारी नाही. ती सगळीकडे नजर फिरवून हळूच म्हणते, "सगळे पक्षी उजवीकडेच बघताहेत." कोणाचेच तिच्याकडे लक्ष जात नाही, कारण बाकीच्या तिघांना कुलूप लावलेली एक पेटी दिसली आहे. कुलपाला तीन आकड्यांची चक्रे आहेत. पेटीच्या वर भिंतीवर डावीकडून तीन उभ्या रेघा, मग चार कमानी आणि मग दोराची दोन वेटोळी रंगवली आहेत.

शेजारी एक तक्ता आहे : रेघ म्हणजे १, घोड्याच्या नालेसारखी कमान म्हणजे १०, दोराचे वेटोळे म्हणजे १००. प्राचीन इजिप्तचे लोक संख्या खरोखर अशाच लिहीत. हजारासाठी कमळ, दहा हजारांसाठी बोट, लाखासाठी बेडकाचे पिल्लू आणि दहा लाखांसाठी दोन्ही हात वर केलेली मूर्ती, अशी त्यांची चिन्हे होती.

एक मित्र घाईने ३, ४, २ अशी चक्रे फिरवतो. कुलूप हलत नाही. का बरे?

आपण ३४२ लिहितो तेव्हा ३ ला तीनशेचे मोल येते ते त्याच्या जागेमुळे. तोच ३ शेवटी लिहिला तर तो नुसता तीन होतो. आपल्या अंकपद्धतीत स्थानाला किंमत आहे. इजिप्तच्या पद्धतीत किंमत चिन्हातच असते, मग ते कोठेही असो. हळद विकून आलेले पैसे आजोबा मोजतात तेव्हा काय करतात ते आठवा. शंभराच्या दोन नोटा, दहाच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी कोणत्याही क्रमाने मांडा, रक्कम २४३ रुपयेच होणार. भिंतीवरचा आकडाही २४३ च आहे. चक्रे फिरवा, पेटी उघडली!

जाता जाता आणखी एक गंमत. इजिप्तच्या या पद्धतीत संख्या लिहिताना शून्याची गरजच पडत नाही. २०३ लिहायचे तर दोन वेटोळी आणि तीन रेघा काढल्या की झाले. शून्याची गरज भासते ती स्थानाला किंमत दिल्यावर, रिकामी जागा दाखवण्यासाठी. परंतु ९९९ लिहायला इजिप्तच्या लेखनिकाला सत्तावीस चिन्हे काढावी लागत, आपल्याला तीन पुरतात.

दुसरे कोडे : मडके आणि तराजू

पेटीत चार वजने निघतात. त्यांच्यावर १, २, ४ आणि ८ असे लिहिले आहे. कोपऱ्यात एक तराजू आहे आणि त्याच्या एका पारड्यात तोंड बंद केलेले मडके आहे. मडक्याचे वजन किती, हा प्रश्न आहे. येथे तराजूच का? मेल्यावर माणसाचे हृदय सत्याच्या पिसाशी तोलले जाते, अशी प्राचीन इजिप्तमधील लोकांची श्रद्धा होती. सत्याच्या त्या देवतेचे नाव मात. थडग्यात ठेवायच्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर या तराजूची चित्रे आढळतात.

तुम्ही हाताला येईल ते वजन टाकू लागलात तर बराच वेळ जाईल. त्याऐवजी सर्वांत मोठ्या वजनापासून सुरुवात करा. ८ टाकले, मडके जड. ८ तसेच ठेवून ४ टाकले, तरी मडके जड. आता २ टाकले, वजनांचे पारडे खाली गेले. म्हणून २ काढा आणि १ टाका. तराजू समतोल! मडक्याचे वजन ८ + ४ + १ = १३.

या चार वजनांनी १ पासून १५ पर्यंतचे कोणतेही पूर्णांकी वजन करता येते आणि चार तोलण्यांत उत्तर मिळतेच. प्रत्येक वेळी उरलेल्या शक्यता निम्म्या होत जातात, हे त्यामागचे रहस्य आहे. इजिप्तचे लेखनिक गुणाकारही असाच दुप्पट करत करत करीत. १३ × २४ करायचे आहे? २४ ची दुप्पट ४८, तिची ९६, तिची १९२. आता १३ म्हणजे ८ + ४ + १, म्हणून १९२ + ९६ + २४ = ३१२. दोनाच्या पाढ्यापलीकडे एकही पाढा पाठ नको! आजचा संगणकही संख्या १, २, ४, ८ अशाच तुकड्यांत साठवतो.

तिसरे कोडे : ससाण्याचा डोळा

१३ हा आकडा दुसऱ्या कुलपात बसवताच एक झरोका उघडतो आणि प्रकाशाची बारीक शलाका खोलीत येते. समोर ससाण्याच्या तोंडाचा होरस देव बसला आहे. मध्ये उभ्या दांडीवर फिरणारा एक आरसा आहे. शलाका वळवून देवाच्या डोळ्यात पाडायची आहे.

मित्र आरसा फिरवतो, पण शलाका डोळ्याच्या पलीकडे निसटते. तो परत फिरवतो, आता ती अलीकडेच राहते. असे चार-पाच वेळा होते आणि सगळे त्याच्यावर चिडतात. चूक हाताची नाही, अंदाजाची आहे. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात हे तुम्ही शिकला आहात. आरसा १० अंशांनी फिरवला की आपाती कोन १० अंशांनी बदलतो, म्हणून परावर्तन कोनही १० अंशांनी बदलतो. परिणामी परावर्तित किरण एकूण २० अंशांनी वळतो. म्हणजे किरण जितका वळायला हवा, त्याच्या निम्माच आरसा फिरवायचा. हे कळल्यावर एका प्रयत्नात शलाका डोळ्यात!

"खट्" असा आवाज होतो आणि मूर्तीखालचा खण पुढे येतो. देवाच्या डोळ्यात काय दडले आहे? तेथे कॅडमियम सल्फाइडचा एक लहानसा प्रकाशसंवेदी रोधक बसवलेला आहे. अंधारात त्याचा रोध फार मोठा असतो. प्रकाश पडला की त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे होतात, रोध कमी होतो आणि विद्युत्प्रवाह वाढतो. संध्याकाळ झाली की रस्त्यावरचे काही दिवे आपोआप लागतात, त्यांच्यातही याच जातीची युक्ती असते.

खणात दगडी दिसणारा एक शेणकिडा आहे. शेणाची गोळी ढकलत नेणारा हा किडा तुम्ही शेतात पाहिला असेल. सूर्याचा गोळाही आकाशातून असाच कोणी ढकलत नेत असावा, या कल्पनेतून इजिप्तच्या लोकांनी त्याला देवपण दिले. हा किडा भिंतीवरील त्याच्या आकाराच्या खोबणीत ठेवला की शेवटचे कुलूप दिसू लागते. किड्याच्या पोटात चुंबक आहे आणि भिंतीमागे काचेच्या बारीक नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या आहेत. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात आणि मंडल पूर्ण होते. हिला रीड स्विच म्हणतात. काही घरांच्या दारांवर बसवलेल्या चोरघंटेतही तीच असते.

चौथे कोडे : राजाचे नाव

आता सात मिनिटे उरली आहेत. शेवटच्या कुलपावर अंकांऐवजी अक्षरांची तीन चक्रे आहेत. दारावर लंबगोलाकार चौकटीत तीन चिन्हे आहेत. डावीकडून पाहिले तर उघडे तोंड, एक लांबट अरुंद चिन्ह आणि गिधाड. तक्त्यावरून तोंड म्हणजे 'र', लांबट चिन्ह म्हणजे 'म' आणि गिधाड म्हणजे 'अ' हे कळते. तुम्ही 'र, म, अ' अशी चक्रे फिरवता. दार ढिम्म! एक जण म्हणतो, तक्ता चुकला असेल. दुसरा म्हणतो, कुलूपच बिघडले आहे. तिसरा दार ओढून पाहतो. चार मिनिटे उरतात.

तेवढ्यात ती न बोलणारी मैत्रीण पुन्हा तेच सांगते, या वेळी जरा मोठ्याने, "मी मघाशीच म्हटले होते, पक्षी उजवीकडे बघतात!"

आणि तिचे बरोबर आहे. इजिप्तची चित्रलिपी डावीकडून उजवीकडेही लिहीत आणि उजवीकडून डावीकडेही. कोठून वाचायचे ते कसे ओळखायचे? माणसे, पशू आणि पक्षी यांची तोंडे ओळीच्या सुरुवातीकडे असतात. गिधाड उजवीकडे पाहत आहे, म्हणजे वाचन उजवीकडून सुरू करायचे : अ, म, र. चक्रे 'अमर' या शब्दावर येताच दार उघडते.

मित्रांनो, उत्तराचा सर्वांत महत्त्वाचा धागा पहिल्या मिनिटालाच सापडला होता. तो ऐकायला पंचावन्न मिनिटे लागली! निरीक्षण करणे जितके महत्त्वाचे, तितकेच दुसऱ्याचे निरीक्षण ऐकून घेणेही महत्त्वाचे. प्रयोगशाळेतही हेच खरे आहे.

तेवीस वर्षांचे कोडे

तुम्हाला शेजारी तक्ता मिळाला म्हणून साठ मिनिटे पुरली. पण तक्ताच नसता तर? जगाची तशीच अवस्था झाली होती. चित्रलिपीतील तारीख असलेला शेवटचा लेख फायली बेटावरील देवळात आहे. तो इसवी सन ३९४ मधील आहे. त्यानंतर ही लिपी वाचू शकणारा माणूस उरला नाही. सुमारे चौदाशे वर्षे इजिप्तच्या भिंती बोलत होत्या, पण ऐकणाऱ्याला भाषा येत नव्हती. प्रत्येक चित्रात काहीतरी गूढ तत्त्वज्ञान भरले आहे असे मोठमोठे विद्वान समजत होते आणि त्या समजुतीनेच त्यांची वाट चुकवली.

१७९९ साली नेपोलियनच्या सैनिकांना रशीद, म्हणजेच रोझेटा या गावाजवळ एक काळसर शिळा सापडली. तिच्यावर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत कोरली होती. वर चित्रलिपी, मध्ये त्या काळची रोजच्या वापरातील डेमोटिक लिपी आणि खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होते. राजाज्ञा इसवी सनापूर्वी १९६ मधील असून राजाचे नाव टॉलेमी होते. ती शिळा १८०२ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता ग्रीकवरून बाकीचे वाचता येईल, असे सर्वांना वाटले. पण तेवीस वर्षे लागली. लंबगोल चौकटीत राजांची नावे असावीत, असा तर्क आधीपासूनच होता. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने तो धरून त्यातील टॉलेमीचे नाव ओळखले. प्रकाश तरंगरूप आहे हे दाखवणारा यंग तो हाच! पुढचे मोठे पाऊल टाकले ते जाँ-फ्राँस्वा शाँपोल्यों या फ्रेंच तरुणाने.

त्याने काय केले ते तुम्हीही करून पाहू शकता. फायली बेटावरून इंग्लंडला नेलेल्या एका स्तंभावर क्लिओपात्रा या राणीचे नाव होते. शाँपोल्योंने दोन्ही नावे शेजारी मांडली :

टॉलेमीचे ग्रीक रूप : प, ट, ओ, ल, म, इ, स.
क्लिओपात्रा : क, ल, ए, ओ, प, अ, ट, र, अ.

चिन्हे खरोखर ध्वनी दाखवीत असतील, तर टॉलेमीच्या नावातील पहिले चिन्ह 'प' क्लिओपात्राच्या नावात पाचव्या जागी यायला हवे. ते आले! टॉलेमीतील चौथे चिन्ह 'ल', म्हणजे सिंह, तिच्या नावात दुसऱ्या जागी हवा. तोही आला! दोराच्या फासाचे चिन्ह 'ओ' चौथ्या जागी आले. शिवाय तिच्या नावात सहाव्या आणि नवव्या जागी एकच चिन्ह हवे होते, कारण दोन्हीकडे 'अ' आहे. तेथे दोन्हीकडे गिधाड होते. एक गोष्ट तेवढी जुळेना. 'ट' साठी एका नावात पावाचे चित्र होते, तर दुसऱ्यात हाताचे. म्हणून शाँपोल्योंने तर्क सोडून दिला का? नाही. एकाच ध्वनीला दोन चिन्हे असू शकतील, असे त्याने धरले आणि ते इतर नावांवर ताडून पाहिले. ते टिकले.

त्याला इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक भाषा येत होती आणि ती प्राचीन इजिप्शियन भाषेचीच लेक आहे. त्या आधारे रामसेससारखी ग्रीकांच्या पूर्वीची नावेही त्याने वाचली. काही चिन्हे ध्वनीची तर काही अर्थाची, असा या लिपीचा कारभार आहे हे त्याच्या लक्षात आले. २७ सप्टेंबर १८२२ रोजी पॅरिसच्या विद्वत्सभेत त्याचा शोध जाहीर झाला.

म्हणजे पाहा, पद्धत तुमचीच होती. माहीत असलेल्या गोष्टीपासून आरंभ, त्यावरून तर्क, त्या तर्काची परीक्षा आणि न जुळणाऱ्या गोष्टीकडे डोळेझाक न करता तिचा विचार.

आपल्या जवळचे इजिप्त

खरे इजिप्त पाहायला फार लांब जायला नको. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला. त्यापूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत सारा मराठवाडा हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानाच्या राजधानीत, हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील राज्य संग्रहालयात, निजामाच्या काळात आणलेली एक खरी ममी आहे. ती एका तरुण स्त्रीची आहे आणि टॉलेमी घराण्याच्या काळातील मानली जाते. वर ज्या टॉलेमीचे नाव तुम्ही वाचले, त्याच घराण्याच्या काळातील!

पूर्वी ममीत काय आहे ते पाहण्यासाठी तिच्या पट्ट्या सोडत आणि त्यात ममीचा नाश होई. हैदराबादच्या ममीची तपासणी २०१६ साली क्ष-किरण आणि सीटी स्कॅन यांनी झाली. सीटी स्कॅनमध्ये शरीराभोवती फिरत क्ष-किरणांनी अनेक बाजूंनी छाया घेतात आणि संगणक त्या जुळवून आतल्या थरांची चित्रे बनवतो. हाडे आणि दात पाहून वयाचा अंदाज करता येतो. एकही पट्टी न सोडता पेटीतले रहस्य वाचायचे, हे कोडे सोडवण्याचे आजचे सर्वांत सभ्य तंत्र आहे.

तुमच्या शाळेत थडगे बांधा

कोड्यांची खोली तुम्हाला जवळा बाजारच्या शाळेतही मांडता येईल. विज्ञान प्रदर्शनात ती नक्की शोभेल. लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत.

संख्येचे कोडे : जुन्या वर्तमानपत्रांवर चुना आणि हळद यांचा रंग देऊन भिंत करा. चुना भिजवण्याचे काम मोठ्यांकडून करून घ्या, कारण तो डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो. भिंतीवर इजिप्तची संख्याचिन्हे काढा. तीन आकड्यांचे साधे कुलूप सायकलच्या दुकानातही मिळते.

तराजूचे कोडे : काठी, दोरी आणि दोन झाकणे पुरेत. एकसारखी नाणी १, २, ४ आणि ८ अशा पुड्यांत बांधा आणि मडक्यात तशीच तेरा नाणी भरा. मडक्याइतकेच रिकामे मडके दुसऱ्या बाजूला टांगायला विसरू नका. का, ते तुम्हीच सांगा!

आरशाचे कोडे : टॉर्चच्या काचेवर बारीक फट पाडलेला काळा कागद चिकटवा. जमिनीवर खडूने अंश आखून आरसा १० अंश फिरवला तर किरण किती वळतो ते मोजा. लेसरचा दिवा मात्र वापरू नका. त्याने डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

चुंबकाचे कोडे : पेन्सिल सेल दोन, लाल एलईडी एक, १०० ओहमचा रोधक आणि रीड स्विच हे सर्व एकसर जोडणीत जोडा. बिघडलेल्या ध्वनिक्षेपकातील चुंबक मातीच्या शेणकिड्यात बसवा. किडा खोबणीत ठेवला की दिवा लागेल आणि पुढच्या कोड्याची जागा उजळेल.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. खेळणाऱ्यांना कोंडून दाराला कुलूप कधीही लावायचे नाही. ४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन शहरात अशाच एका कोड्यांच्या खोलीच्या इमारतीत आग लागली. आत एका मैत्रिणीचा वाढदिवस साजरा करायला आलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली होत्या. त्यांना बाहेर पडता आले नाही. कार्बन मोनॉक्साइड वायूने त्या पाचही जणींचा अंत झाला. म्हणून कुलूप पेटीला लावा, दाराला नको. मेणबत्ती, चिमणी किंवा धूर यांचा वापर टाळा आणि एक शिक्षक नेहमी बाहेर उभे असू द्या. व्यवसाय म्हणून चालणाऱ्या खोल्यांत विद्युतचुंबकी कुलूप वापरतात. प्रवाह असेतोवर ते दार धरून ठेवते आणि वीज गेली की आपोआप सोडते. बिघाड झालाच तर तो माणसाला वाचवणारा असावा, अशी ती रचना आहे. खोलीत शिरण्यापूर्वी "वीज गेली तर दार उघडते ना?" हा प्रश्न अवश्य विचारा. तो भित्रेपणाचा नाही, शहाणपणाचा आहे.

घरातील चित्रलिपी

शेवटी एक खरे कोडे. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, कदाचित तुमच्या घरात असेल.

तुमच्या आजोबांच्या लोखंडी पेटीत जमिनीचे जुने कागद आहेत का? त्यांतील काही उर्दूत असतील, तर काही एकमेकांत गुंतलेल्या, वळणदार अक्षरांत. ही अक्षरे बहुधा मोडी लिपीची. ही लिपी मराठी लिहिण्यासाठी शतकानुशतके वापरली गेली. आधी कागदभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता तिला अक्षरे टांगत जायचे. दोन शब्दांत जागाही सोडत नसत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून गेली आणि दोन-तीन पिढ्यांत मराठी घरांनाच आपले मराठी कागद वाचता येईनासे झाले. २०२३ साली मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्याचे काम शासनाने हाती घेतले, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली. एका नोंदीवर एखाद्या कुटुंबाचे बरेच काही अवलंबून असते, पण नोंद असून उपयोग काय, वाचणारा नसेल तर?

चित्रलिपी वाचणारे संपायला कित्येक शतके लागली असतील. मोडीच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे की नाही, हे आपल्या हातात आहे. मोडीची बाराखडी पुस्तकांत मिळते, म्हणजे तक्ता तुमच्याजवळ आहे. सुरुवात शाँपोल्योंसारखी करा. माहीत असलेले शब्द आधी शोधा : आरंभीचा 'श्री', आपल्या गावाचे नाव, पणजोबांचे नाव. एका नावातील अक्षर दुसऱ्या नावात ओळखा. जुळले नाही तर कागदाला दोष देण्यापूर्वी आपला तर्क तपासा. आणि हो, चौघे मिळून बसा. घरातील आजी-आजोबांनाही सोबत घ्या, कारण जुन्या शेतांची नावे त्यांनाच ठाऊक असतात.

आणि त्या चौघांत कोणी हळू आवाजात काही सांगत असेल, तर आधी त्याचे ऐका.